इंग्लंडमध्ये काउन्सिल टॅक्सची सवलत कापली गेली, तर काय करायचं?

ताई, तुमचं पत्र मिळालं. तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. मिस्टरांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, तेव्हापासून ते घरीच असतात. तुम्ही शाळेच्या किचनमध्ये अर्धवेळ काम करता, बाकी युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर भागतं. मुलगी सोळा वर्षांची. घर भाड्याचं, कराचा बँड (घराच्या किमतीनुसार पडणारा गट) सी. गेल्या वर्षी काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या स्थानिक कराच्या, बिलावर शून्य होतं, यंदा 500 पौंड आले आहेत, 50 पौंडांचे दहा हप्ते. काउन्सिलला फोन केला तर ‘स्कीम बदलली’ एवढंच ऐकायला मिळालं. त्यांना असं करता येतं का, तक्रार केली तर आपल्या आयएलआरवर, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीवर, गदा येईल का, आणि हे पैसे आणायचे कुठून, असं तुम्ही विचारलं आहे.

मी वीस वर्षं मिडलँड्समधल्या एका मोफत सल्ला केंद्रात हेच काम करते. जुनी देशभर एकसारखी असलेली सवलत मी पाहिली आहे, आणि ती मोडून प्रत्येक गावाची वेगळी झाल्यानंतरची वर्षंही.

आयएलआरचं आधी सांगते, कारण ती भीती गेल्याशिवाय तुम्ही पुढचं काही करणार नाही. काउन्सिल टॅक्स रिडक्शन ही सवलत ‘पब्लिक फंड’मध्ये, म्हणजे व्हिसाच्या नियमांतल्या सरकारी मदतीच्या यादीत, मोडते हे खरं. वर्क व्हिसावर, स्टुडंट व्हिसावर किंवा स्पाउस व्हिसावर असलेल्या ज्यांच्या कागदावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ लिहिलेलं असतं, त्यांनी ती मागू नये. तुम्हा दोघांकडे आयएलआर आहे, ती अट तुम्हाला लागू नाही. सवलत मागणं, निर्णयाविरुद्ध लिहिणं, ट्रायब्युनलकडे (अशा तक्रारींच्या न्यायाधिकरणाकडे) जाणं हा तुमचा हक्क आहे आणि त्याचा तुमच्या राहण्याच्या परवानगीशी संबंध नाही. अपवाद आहे तो गावाहून कायमचं बोलावून घेतलेल्या आईवडिलांचा. मुलाने लेखी हमी देऊन त्यांना आणलं असेल, तर आयएलआर मिळूनही साधारणपणे पहिली पाच वर्षं त्यांना अशी मदत मागता येत नाही. घरात एकाकडे आयएलआर आणि दुसऱ्याकडे स्पाउस व्हिसा असेल, तर अर्जाआधी नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना माहीतच नसते: एकट्या माणसाला मिळणारी 25 टक्क्यांची सूट, विद्यार्थ्यांची सूट, अपंगत्वामुळे बँड खाली येणं, ही काही ‘पब्लिक फंड’ नव्हेत. व्हिसावरचा माणूसही ती बिनधास्त मागू शकतो. कितीतरी मुलं-मुली एकटी राहून वर्षानुवर्षं पूर्ण बिल भरतात, ते निव्वळ या भीतीपोटी.

आता ‘असं करता येतं का’. येतं. आपल्याकडे घरपट्टी घरमालक भरतो, त्यामुळे हा कर भाडेकरूच्या माथी कसा, असं नव्याने आलेल्या माणसाला वाटतं. इथे साधारणपणे घरात राहणारा प्रौढ माणूस तो भरतो, घर कोणाचंही असो. घराचा बँड आजही 1 एप्रिल 1991 च्या किमतीवरून ठरतो. हा कर 1993 मध्ये आला तो पोल टॅक्सच्या, म्हणजे माणशी लागणाऱ्या कराच्या, जागी. पोल टॅक्समध्ये अगदी गरिबालाही निदान 20 टक्के भरावेच लागत. 31 मार्च 1990 ला लंडनच्या ट्रफाल्गर चौकात जो उद्रेक झाला, त्यामागे हा राग होता. कफल्लक माणसाकडून थोडीथोडी रक्कम गोळा करताना काउन्सिल्सच्या नाकी नऊ आले, कोर्टात खटल्यांचे ढीग लागले. त्यामुळे 1993 च्या व्यवस्थेत सर्वांत गरिबाला पूर्ण सूट ठेवली गेली. सूट काउन्सिल देई, पैसे केंद्र सरकार भरून देई, आणि नियम सगळीकडे तेच असत.

एप्रिल 2013 मध्ये सरकारने ती व्यवस्था मोडली. इंग्लंडमधल्या प्रत्येक काउन्सिलने आपली स्कीम आपण करायची, आणि त्यासाठी मिळणारा निधी आधीच्यापेक्षा 10 टक्क्यांनी कमी. शिवाय पेन्शनच्या वयाच्या लोकांची सवलत कापायची नाही, त्यांचे नियम सरकारच ठरवणार. ज्येष्ठांना संरक्षण मिळालं हे चांगलंच झालं. पण सवलत घेणाऱ्यांत ज्येष्ठांचा वाटा मोठा होता, म्हणून सगळी कात्री कामाच्या वयाच्या माणसांवर चालली आणि ती 10 टक्क्यांपेक्षा बरीच खोल गेली. पुढच्या वर्षी तो निधी काउन्सिलच्या सर्वसाधारण अनुदानात मिसळला आणि ते अनुदान आटत गेलं. स्कॉटलंड आणि वेल्सने देशभर एकच स्कीम ठेवली. इंग्लंडमध्ये मात्र रस्ता ओलांडला की हक्क बदलतो. पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्सने पूर्ण सूट टिकवली. बर्मिंगहॅमने कामाच्या वयाच्या बहुतेकांना निदान 20 टक्के भरायला लावले. पोल टॅक्सचे तेच 20 टक्के.

काउन्सिलचीही बाजू खोटी नाही. वृद्धांची काळजी, मुलांचं संरक्षण, बेघरांची तात्पुरती सोय ही कामं कायद्याने टाळता येत नाहीत आणि त्यांचा खर्च वाढतच चालला आहे. स्लाव, क्रॉयडन, बर्मिंगहॅम यांनी पैसे संपल्याची कलम 114 ची नोटीस काढली. स्लावमध्ये आपली मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांनी 2023 मध्ये 9.99 टक्क्यांची करवाढ सोसली, त्याच वर्षी क्रॉयडनमध्ये ती जवळजवळ 15 टक्के होती. कर वाढतो आणि सवलत घटते तेव्हा गरिबाला मार दोन्हीकडून बसतो. पण बचतीचा हा मार्ग चुकीचा आहे असं मी स्पष्ट म्हणते, कारण कागदावर दिसणारे पैसे हातात येत नाहीत. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेने या कपातींचा अभ्यास केला, तेव्हा अशा घरांवर जो जादा कर लागला त्यातला साधारण चौथा हिस्सा वसूलच झाला नव्हता. कसा होणार? तुमच्या घरात महिन्याला 50 पौंड जास्तीचे पडलेले नाहीत. ते हीटिंगमधून, बसभाड्यातून, मुलीच्या ट्रिपमधून येणार, नाहीतर येणारच नाहीत.

म्हणून बिलाकडे वळू. तुमच्या काउन्सिलने तुमच्या गटाची सूट 100 वरून 75 टक्क्यांवर आणली. बिल 2000 पौंडांचं, त्याचा पाव हिस्सा 500. आता हे नीट बघा: सूट आधी लागत नाही. आधी घराचं मूळ बिल किती हे ठरतं, मग त्यावर सूट. सूट आपल्या हातात नाही, पण मूळ बिल खाली आणता येतं.

पहिली शक्यता मिस्टरांच्या आजाराची. पक्षाघातामुळे त्यांची स्मरणशक्ती, समज, लोकांशी वागणंबोलणं कायमचं आणि गंभीरपणे बिघडलं असेल, आणि त्यांना पिपचा (आजारी-अपंग माणसांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा) डेली लिव्हिंग भाग किंवा यादीतली दुसरी एखादी मदत मिळत असेल, तर काउन्सिल टॅक्ससाठी त्यांना मोजत नाहीत. इंग्रजीत याला ‘सिव्हिअरली मेंटली इम्पेअर्ड’ म्हणतात. शब्द वाईट आहे. हा फॉर्म समोर ठेवला की माणूस दुखावतो, बायका तो पर्समध्येच दडवून ठेवतात. मी मिस्टरांना एवढंच सांगेन की हा करखात्याचा जुना शब्द आहे, त्यांच्याबद्दलचं कुणाचं मत नव्हे. जीपीच्या, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या, सहीचा दाखला लागतो. फक्त हात-पाय अधू असतील आणि डोकं पूर्वीसारखं चालत असेल, तर ही सूट बसत नाही, तिथे ओढूनताणून लिहू नका. बसत असेल तर घरात मोजण्याजोग्या प्रौढ तुम्ही एकट्याच उरता आणि बिल 25 टक्क्यांनी उतरतं. आजारपण दोन वर्षांचं आहे, तेव्हा ज्या दिवसापासून पात्रता होती त्या मागच्या तारखेपासून मागा. मुलगी अजून अठराची नाही, म्हणून ती मोजली जात नाही. अठरानंतर ती पूर्णवेळ शिकत असेल तर तेव्हाही नाही, पण ते काउन्सिलला कळवावं लागेल. तुम्ही नवऱ्याची सेवा करता म्हणून तुम्हालाही वगळतील का, असं पुष्कळ जणी विचारतात. नाही. काळजी घेणाऱ्याला मिळणारी ती सूट नवराबायकोला लागू होत नाही.

दुसरी शक्यता घराची. मिस्टर घरात व्हीलचेअर वापरतात का, किंवा खाली एखादी खोली मुख्यतः त्यांच्या आजारपणाच्या गरजेसाठी वापरली जाते का? तसं असेल तर बँड एक पायरी खाली येतो, सी चा बी. इथे उत्पन्न विचारत नाहीत. पाहणीला माणूस येईल, येऊ द्या.

दोन्ही बसल्या असं धरून हिशोब करा. बँड सी चे 2000, बी चे 1750. त्यातून 25 टक्के गेले की 1312. त्यावर 75 टक्के सूट, म्हणजे तुम्ही भरायचे 328. स्कीम तीच, काउन्सिलने एक पैसाही जादा दिलेला नाही, तरी 500 चे 328 झाले. उरलेली रक्कम दहाऐवजी बारा हप्त्यांत मागा, मागितल्यावर ते द्यावंच लागतं. महिन्याला 27 पौंड आणि काही पेन्स होतील.

युनिव्हर्सल क्रेडिटच्या कागदावर मिस्टरांच्या आजारपणाची नोंद आहे का आणि पिपचा अर्ज केला आहे का, हे मला पत्रातून कळलं नाही. हे दोन्ही आजच तपासा. पुष्कळ स्कीममध्ये अशा घरांना जास्त सूट असते, आणि काउन्सिलच्या कॉम्प्युटरवर तुमची नोंद ‘निरोगी जोडपं’ अशी पडली असेल तर तुम्ही चुकीच्या गटात गेला असाल. पगाराच्या स्लिपाही काढा. हल्ली बहुतेक स्कीम उत्पन्नाच्या टप्प्यांवर चालतात: इतक्या पौंडांपर्यंत इतकी सूट, त्यापुढे एक पौंड गेला की खालचा टप्पा. पगार दर चार आठवड्यांनी होत असेल तर वर्षात तेरा पगार होतात, आणि एखाद्या महिन्यात दोन पगार एकत्र दिसतात. त्या महिन्यात तुम्ही कागदावर श्रीमंत होता, सूट घसरते, नवं बिल निघतं. असं झालं असेल तर लेखी कळवा आणि सरासरी धरायला सांगा.

(ओळखीत कुणी युनिव्हर्सल क्रेडिट घेत असेल आणि काउन्सिलची सूट ‘आपोआप लागली असेल’ असं धरून बसलं असेल, तर त्यांना सांगा: लागत नाही. काउन्सिलकडे वेगळा अर्ज करावा लागतो. मला भेटणाऱ्या दर दहांतल्या दोघा-तिघांची गाडी इथेच अडलेली असते. आणि नवरा पेन्शनच्या वयाचा, बायको लहान, अशा घरात युनिव्हर्सल क्रेडिट चालू असेल तर ज्येष्ठांची सुरक्षित स्कीम लागू होत नाही. अशा जोडप्यांनी सल्ला घेतल्याशिवाय काही बदलू नये.)

आता सर्वांत महत्त्वाचं, जे काउन्सिलच्या फोनवर क्वचितच कुणी सांगतं. 1992 च्या लोकल गव्हर्न्मेंट फायनान्स अ‍ॅक्टमध्ये कलम 13ए(1)(सी) आहे. त्यानुसार काउन्सिल कुणाचंही बिल, स्कीम काहीही म्हणो, हवं तितकं कमी करू शकते, अगदी शून्यापर्यंत. काही ठिकाणी याला हार्डशिप फंड म्हणतात, काही ठिकाणी डिस्क्रिशनरी रिडक्शन. फंड संपला म्हणून कायद्यातलं कलम संपत नाही. ‘आम्ही असं कधीच देत नाही’ हे उत्तर चालत नाही, प्रत्येक अर्जाचा विचार करावाच लागतो.

अर्ज कसा लिहायचा? कलमाचा आकडा पहिल्या ओळीत. मग महिन्याची जमा आणि खर्च, खरेखुरे. आपल्या बायका इथे एक चूक हमखास करतात: खाण्याचा खर्च कमी दाखवतात, कपड्यांपुढे शून्य लिहितात, कारण काटकसर दाखवायची सवय असते. मग कागदावर 60 पौंड शिल्लक दिसतात आणि अर्ज फेटाळला जातो. आठवड्याला जेवढं किराण्याला लागतं तेवढं लिहा. मिस्टरांच्या आजारामुळे होणारे खर्च वेगळे लिहा: जास्तीचं हीटिंग, रोजची धुणी, हॉस्पिटलच्या टॅक्सी. भाडं युनिव्हर्सल क्रेडिटमधून पुरं निघत नसेल तर ती तूटही. गावी सासूबाईंना पैसे पाठवत असाल तर तेही लपवू नका, बँकेच्या कागदात ते दिसणारच. हा खर्च मान्य होईलच असं मी म्हणत नाही, पण लपवलेला सापडला तर बाकीच्या कागदांवरचा विश्वासही जातो. शेवटी लिहा की स्कीम बदलण्याआधी तुमचं बिल शून्य होतं आणि तुमच्या परिस्थितीत काहीही सुधारणा झालेली नाही. काउन्सिल सवलत कमी करते तेव्हा बदल सुसह्य व्हावा म्हणून कोणती तात्पुरती तरतूद ठेवायची हे तिला कायद्याने ठरवावं लागतं, ती तुमच्याकडे कोणती लागू आहे हेही त्याच पत्रात विचारा.

नकार आला, तर तो का मान्य नाही हे आधी काउन्सिललाच लेखी कळवा. तिथेही नकार आला, किंवा दोन महिने उत्तरच आलं नाही, तर व्हॅल्युएशन ट्रायब्युनल फॉर इंग्लंडकडे अपील करता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. या दुसऱ्या नकाराच्या पत्रापासून दोन महिन्यांच्या आत जायचं. उत्तरच नसेल तर तुमच्या हरकतीच्या पत्रापासून चार महिन्यांच्या आत. ट्रायब्युनल काउन्सिलची स्कीम रद्द करू शकत नाही, पण तुमच्या बाबतीत ती नीट लावली का आणि 13ए(1)(सी) चा विचार प्रामाणिकपणे झाला का, हे बघतं.

हे सगळं चालू असताना बिल थांबत नाही, हे लक्षात ठेवा. जेवढं झेपेल तेवढं दर महिन्याला भरत राहा, दहा पौंड का होईना, आणि ‘अर्ज प्रलंबित आहे, वसुली थांबवा’ असं ईमेलने कळवा. हप्ता चुकला तर स्मरणपत्र येतं, सात दिवसांची मुदत. तरी भरला नाही आणि आणखी सात दिवस गेले, की हप्त्यांची सोय जाते आणि अख्ख्या वर्षाची रक्कम एकदम देय होते. मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, त्याचा खर्च तुमच्यावर. कोर्टाने लायबिलिटी ऑर्डर (वसुलीचा हुकूम) दिली की पगारातून किंवा युनिव्हर्सल क्रेडिटमधून कपात, नाहीतर बेलिफ, म्हणजे घरी येणारा वसुली अधिकारी. 2014 च्या नियमांनी बेलिफची फी अशी ठरवली होती: प्रकरण त्यांच्याकडे गेलं की 75 पौंड, दारात आले की आणखी 235. माझ्याकडे एक ताई कापडी पिशवीभर न उघडलेली पाकिटं घेऊन आल्या होत्या. सुरुवातीची थकबाकी एकाच हप्त्याची होती. पाकिटं तारखेनुसार लावता लावता ती रक्कम शेवटी किती झाली हे आम्ही दोघींनी एकत्र बघितलं, आणि त्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या. त्या आळशी नव्हत्या, दोन ठिकाणी काम करत होत्या. पाकिटाची भीती वाटत होती.

बेलिफ कधी आलाच तर दार उघडायचं बंधन नाही. या कर्जासाठी पहिल्यांदा येऊन त्याला जबरदस्तीने घरात शिरता येत नाही. दारं-खिडक्या बंद ठेवून बोला आणि लगेच काउन्सिलला कळवा की घरात पक्षाघाताचा रुग्ण आहे, प्रकरण परत घ्या. अशी प्रकरणं परत घेतलेली मी पाहिली आहेत. त्याआधीच थकबाकी साचली तर कर्ज-सल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’ मागता येते. मे 2021 पासून ही सोय आहे, 60 दिवस वसुली थांबते. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन हे मोफत मदत करतात. इंग्रजी बोलायला अवघड वाटत असेल तर दुभाषी मागा, संकोच करू नका.

राहिली ती स्कीम. ती दरवर्षी ठरते, 11 मार्चच्या आत, आणि बदलायची असेल तर आधी लोकांचं मत घ्यावंच लागतं. हे मत घेणं बहुधा शरद ऋतूत, काउन्सिलच्या वेबसाइटच्या एका कोपऱ्यात उरकलं जातं. उत्तर लंडनच्या हॅरिंगेमध्ये 2012 मध्ये असंच झालं. लोकांना भासवलं गेलं की सवलत कापण्याला पर्यायच नाही. राखीव निधी वापरणं, कर वाढवणं, इतर खर्च कमी करणं हे मार्ग होते आणि ते का नाकारले, हे सांगितलंच नाही. काही रहिवासी कोर्टात गेले आणि ऑक्टोबर 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती प्रक्रिया बेकायदा ठरवली. त्याच वर्षी हायकोर्टाने सँडवेलची ‘दोन वर्षं इथे राहिलेल्यांनाच सवलत’ ही अट मोडली. दोन्ही ठिकाणी लढणारी माणसं तुमच्यासारखीच होती, बिल हातात धरून बसलेली.

कोर्टात जा असं मी म्हणत नाही. त्याची मुदतही जेमतेम तीन महिन्यांची असते. पण तुमच्या वॉर्डचे जे दोन-तीन काउन्सिलर आहेत, त्यांना एक ईमेल नक्की करा. या स्कीमवर मत देताना त्यांच्यासमोर आकडे होते, तुमचं घर नव्हतं. आजारी माणसांच्या घरांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास केला होता का आणि तो कुठे वाचायला मिळेल, हे विचारा. 2010 च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टनुसार तो विचार करणं त्यांचं कर्तव्य आहे. ऑक्टोबरमध्ये पुढच्या वर्षाच्या स्कीमवर मतं मागवली की तुम्ही लिहा आणि शाळेच्या किचनमधल्या बाकीच्या जणींनाही लिहायला लावा.

या आठवड्यात मात्र तीनच कामं. जीपीकडे दाखल्याचा फॉर्म द्या. बारा हप्त्यांचा ईमेल पाठवा. 13ए(1)(सी) चा अर्ज लिहून त्याची एक प्रत घरी ठेवा आणि पाठवल्याची तारीख कॅलेंडरवर मांडा. अर्जाचा मसुदा मराठीत लिहून मला पाठवलात तरी चालेल, इंग्रजी आपण बसून करू.